चुलीचा धूर आणि धुराड्याचा कारभार

पहाटे चूल पेटविणाऱ्या गृहिणीने एक चमत्कार शेकडो वेळा पाहिलेला असतो. दमट सरपणातून पिवळसर-पांढरा धूर उसळत असतो, डोळ्यांना धार लागलेली असते, आणि अशा वेळी ती फुंकणी तोंडाला लावून निखाऱ्यांवर दोन-चार दीर्घ फुंकरा घालते; तोच भपकन ज्वाळा उठते आणि धूर दिसेनासा होतो. आता प्रश्न असा, की क्षणापूर्वी सारे स्वयंपाकघर व्यापणारा तो धूर गेला कोठे? फुंकरीने तो उडाला म्हणावे, तर घराच्या दुसऱ्या कोपऱ्यात तरी तो आढळावयास हवा होता. खरी गोष्ट अशी, की तो जळाला. जी ज्वाळा आपण लाकडाची समजतो, ती बव्हंशी त्या धुराचीच असते.

केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या पांढरकवड्याच्या परिसरात, कापसाच्या काळ्या रानांत आणि सागवानाच्या जंगलालगतच्या गोंड-कोलामांच्या वस्त्यांत, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची टाकी पुष्कळ घरांत आणली खरी; परंतु आंघोळीचे पाणी, भाकऱ्यांची थप्पी आणि पाहुण्यारावळ्यांचा मोठा स्वयंपाक यांसाठी चूल अजून जागची हललेली नाही, आणि टाकी भरून आणण्यास पैसा नसेल त्या महिन्यात तर सारा भार पुन्हा तिच्यावरच येतो. चूल राहणारच असेल, तर ती शास्त्रशुद्ध रीतीने कशी बसवावी आणि कशी राखावी, याचा विचार करणे अगत्याचे आहे. त्यासाठी प्रथम अग्नीचा व्यवहार समजून घेतला पाहिजे.

लाकूड जळते म्हणजे काय होते?

लाकडाचे ज्वलन तीन अवस्थांतून होते. पहिल्या अवस्थेत त्यातील पाण्याची वाफ होते, आणि हे पाणी निघून जाईपर्यंत लाकडाचे तापमान शंभर अंश सेल्सियसच्या फारसे वर चढत नाही. दुसऱ्या अवस्थेत, दोनशे अंशांच्या पुढे, लाकडाचे विघटन होऊन त्यातून ज्वलनशील वायू आणि डांबरी बाष्पे बाहेर पडू लागतात; कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अशा रीतीने वायुरूप होतो. तिसऱ्या अवस्थेत उरतो तो कोळसा, जो ज्वाळेवाचून निखारा होऊन धुमसत राहतो.

दुसऱ्या अवस्थेतील वायूंना पेट घेण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी मिळाव्या लागतात: सुमारे सहाशे अंशांची उष्णता आणि पुरेशी हवा. एक किलो कोरडे लाकूड पूर्णपणे जळावयास सुमारे सहा किलो, म्हणजे जवळजवळ पाच घनमीटर, हवा लागते. या दोहोंपैकी एक जरी कमी पडली, तरी ते वायू अर्धवट जळून किंवा न जळताच निघून जातात, आणि थंड होताना त्यांतील बाष्पांचे सूक्ष्म थेंब व कार्बनचे कण मिळून जो लोट दिसतो, त्यालाच आपण धूर म्हणतो. महसुलाच्या भाषेत बोलावयाचे, तर धूर ही जळणाची थकबाकी होय: लाकडाने देऊ केलेल्या उष्णतेचा जो हिस्सा चुलीने वेळेवर वसूल केला नाही, तो आधी डोळ्यांवर, मग फुप्फुसांवर आणि अखेर छपराच्या वाशांवर काजळीच्या रूपाने बाकी निघतो. फुंकणीची किमया आता उलगडते. फुंकरीने निखारा प्रखर होतो आणि हवाही मिळते. दोन्ही अटी पुऱ्या होताच धूर पेटतो.

ओले सरपण धूर का करते, याचेही उत्तर यातच आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. अशा एक किलो लाकडातील अर्धा किलो पाणी आटविण्यास जी उष्णता खर्ची पडते, ती उरलेल्या कोरड्या भागाच्या एकूण उष्णतेच्या सुमारे एक-सप्तमांश भरते. हा तोटा काही सर्वनाशाचा नव्हे. परंतु तो नेमका ज्वाळेच्या तोंडाशी होतो, तेथील तापमान सहाशे अंशांच्या खाली खेचतो, आणि मग उरलेल्या वायूंपैकी पुष्कळसे पेटावाचूनच निसटतात. ओल्या लाकडाचे खरे नुकसान आहे ते असे.

या धुरातील सर्वांत घातक कण डोळ्यांना वेगळे दिसतही नाहीत. अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही बारीक असे ते कण नाकातील केसांना व घशातील ओलाव्याला चुकवून फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. मुलांचा न्यूमोनिया, प्रौढांचा जुनाट श्वासविकार, हृदयविकार, पक्षाघात आणि मोतीबिंदू यांच्याशी घरातील धुराचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केला आहे.

धुराड्याची ओढ

हवा चुलीत येते कशाने? ती आणणारी शक्ती धुराड्यात असते. सत्तावीस अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो भरते. तीच हवा २२७ अंशांपर्यंत तापली, की तेवढ्याच जागेतील वजन सुमारे ०.७ किलोवर येते. धुराड्यातील तप्त हवेचा स्तंभ बाहेरच्या हवेहून हलका असल्यामुळे वर सरकतो, आणि त्याच्या जागी चुलीच्या तोंडातून नवी हवा आत लोटली जाते. या ओढीचे बळ दोन गोष्टींवर अवलंबून असते: धुराड्याची उंची आणि आतल्या-बाहेरच्या तापमानांतील अंतर. उंची दुप्पट झाली, की ओढही जवळजवळ दुप्पट होते.

यावरून दोन नित्याचे अनुभव स्पष्ट होतात. चूल पेटविताना धुराडे थंड असते, तेव्हा त्याला ओढ नसते आणि धूर तोंडावाटे घरात येतो. म्हणून आरंभी धुराड्याच्या तळाशी मूठभर कोरडा पाचोळा पेटवून नळी तापवून घ्यावी. दुसरे असे, की ओढ प्रमाणाबाहेर वाढली तर ज्वाळा भांड्याला न लागता धुराड्याकडे पळते आणि सरपण भराभर संपते. म्हणून धुराड्याच्या मुळाशी हवेचा मार्ग कमी-अधिक करणारी झडप ठेवतात.

उघड्या तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यास लागतो. याच्या तुलनेत, नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या सुधारित चुलीची कार्यक्षमता निदान २५ टक्के असावी, अशी भारतीय मानक ब्यूरोची अपेक्षा आहे.

वर्धा आणि हैदराबाद यांच्या दरम्यान

नागपूरहून हैदराबादेस जाणारा महामार्ग पांढरकवड्यावरून जातो, आणि योगायोग असा, की बिनधुराच्या चुलीचे भारतातील दोन आद्य प्रयत्न याच टापूच्या दोन बाजूंना झाले. उत्तरेस वर्ध्याला, गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली स्थापन झालेल्या आणि जे. सी. कुमारप्पा यांनी चालविलेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ आकारास आली. दक्षिणेस हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकात धुराड्याच्या चुलीचा पुरस्कार केला. दोहोंचे तत्त्व एकच: जळणाचे मुख एक, भांडी अनेक, आणि तप्त वायूंनी पहिल्या भांड्याखालून दुसऱ्याखाली जाऊन मगच धुराड्याची वाट धरावी. आपल्या जुन्या चुलीच्या वैलावर हेच घडत असे. नवी गोष्ट होती ती भोवतालची बंदिस्त वाट आणि शेवटचे धुराडे.

पुढे १९८३ च्या सुमारास केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि तो बंद होईपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली. त्यांपैकी पुष्कळ चुली अल्पावधीतच मोडल्या, बुजल्या किंवा अडगळीत गेल्या. याचे कारण पुढे पाहू.

बसविताना घ्यावयाची खबरदारी

*जागा.* चूल बाहेरच्या भिंतीला लागून, परंतु दाराच्या थेट वाऱ्यात येणार नाही अशी बसवावी. भिंत कुडाची असेल, तर चुलीमागील भाग जाड मातीने किंवा विटांनी पक्का करून घ्यावा. चूल ओट्यावर असली, तर रांगत्या मुलाचा हात तिच्यापर्यंत पोहोचत नाही आणि स्वयंपाक करणारीला वाकून धुरात तोंड घालावे लागत नाही.

*माती.* येथील काळी कपाशीची माती चुलीला चालत नाही. ती ओली असता फुगते आणि सुकताना आकसते, त्यामुळे चुलीला भेगा पडतात व प्रत्येक भेगेतून अवांतर हवा शिरून धुराड्याची ओढ मारली जाते. पांढरी किंवा वारुळाची माती, थोडी वाळू, बारीक कुटार आणि शेण यांचे मिश्रण चांगले मळून, काही दिवस मुरवून वापरावे. चूल सावलीत सुकू द्यावी. घाईने मोठा जाळ केल्यास आतल्या ओलाव्याची वाफ होऊन माती तडकते.

*हवेची वाट.* सरपण जमिनीवर न ठेवता लोखंडी जाळीवर ठेवावे, म्हणजे हवा खालून येते आणि राख खाली गळते. चुलीच्या तोंडापासून धुराड्याच्या टोकापर्यंत वायूंचा मार्ग कोठेही धुराड्याहून अरुंद असू नये. भांडी भोकांवर घट्ट बसली पाहिजेत. दुसरे भांडे उतरविले, की ते भोक झाकणीने बंद करावे, नाही तर धुराडे चुलीतील हवा सोडून तेथूनच हवा ओढू लागते.

*धुराडे.* चार इंच व्यासाची नळी साधारण घरगुती चुलीला पुरते. ती शक्य तितकी सरळ असावी. तिचे तोंड आढ्याहून निदान दोन-तीन फूट उंच असावे, म्हणजे छपरावरून वळणारा वारा धूर परत आत ढकलीत नाही. वर पावसाची टोपी हवी, परंतु टोपी व नळी यांत मोकळी जागा सोडलेली असावी. तळाशी काजळी काढण्याचे लहानसे दार हवे. पूर्वीच्या योजनांतून अॅस्बेस्टॉस-सिमेंटचे नळ सर्रास वापरले गेले. असा नळ कापताना किंवा फुटताना सुटणारे तंतू फुप्फुसांस कर्करोगकारक असल्यामुळे भाजक्या मातीचा किंवा लोखंडी पत्र्याचा नळ पसंत करावा, आणि जुना नळ असेल तर तो घासू अथवा फोडू नये. नळी जेथे गवती किंवा लाकडी छपरातून जाते, तेथे भोवती वीतभर जागा मोकळी ठेवून ती पत्रा व माती यांनी बंद करावी. छपराची आग बहुधा याच ठिकाणी लागते.

पऱ्हाटी, पाऊस आणि साठा

या भागातील मुख्य सरपण म्हणजे पऱ्हाटी. कापूस वेचून झाला, की माघ-फाल्गुनात ती उपटली जाते आणि यवतमाळचा उन्हाळा तिला खडखडीत वाळवितो. पऱ्हाटी व तुराटी बारीक असल्याने झटकन पेट घेतात आणि मोठी ज्वाळा देतात, पण निखारा थोडा धरतात. भरमसाट कोंबल्यास एकदम इतके वायू सुटतात, की हवा अपुरी पडते. म्हणून ती थोडी थोडी, सतत सारावी लागते. गोवरी याच्या उलट सावकाश धुमसते आणि धूर अधिक करते, त्यामुळे ती लाकडाच्या जोडीनेच वापरणे इष्ट.

साठ्याबाबत येथील शेतकऱ्यास एक वेगळी दक्षता घ्यावी लागते. शेंदरी बोंडअळी पऱ्हाटीला चिकटून राहिलेल्या बोंडांत दडून राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडते. त्यामुळे पऱ्हाट्यांचे ढीग शेताच्या बांधावर रचून ठेवू नयेत, अशी ताकीद कृषी खाते देत असते. तेव्हा सरपणापुरत्या पऱ्हाट्याच बोंडे झाडून घराशी आणाव्यात आणि मृगापूर्वी होईल तितक्या वापरून टाकाव्यात. पावसाळ्याची बेगमी म्हणून जाड लाकूड जमिनीपासून दगडांवर उचलून, छपराखाली, पण चुलीपासून दूर रचावे.

कमी सरपणात भागणाऱ्या चुलीचे येथे आणखी एक महत्त्व आहे. पांढरकवडा-राळेगाव परिसरातील तेरा माणसांचे मृत्यू जिच्या नावावर नोंदले गेले, त्या ‘अवनी’ वाघिणीचा वावर दोन वर्षे याच जंगलात होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली. वाघ या भागात पुढेही राहणार आहेत. मोळीसाठी जंगलात पडणारी प्रत्येक खेप वाचणे, हा चुलीच्या कार्यक्षमतेचा असा लाभ आहे, जो कोणत्याही टक्केवारीत मोजला जात नाही.

चुलीत काय जाळू नये, हेही सांगितले पाहिजे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, आणि कीटकनाशकांचे भय साऱ्यांना कळले. तरीही त्यांचे रिकामे डबे, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रंग दिलेली लाकडे पेटवणासाठी वापरली जातात. अशा वस्तू जळताना निघणारे विषारी वायू साध्या धुराहून कितीतरी घातक असतात.

अदृश्य विष, दृश्य आग

अपुऱ्या हवेत जळणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो, त्यामुळे माणूस श्वास घेत असूनही आतून गुदमरतो. डोके दुखणे, मळमळ, ग्लानी ही त्याची लक्षणे. ती दिसताच माणसास तत्काळ मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात न्यावे. थंडीच्या रात्री निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणे आणि निखारे जिवंत असता धुराड्याची झडप पूर्ण मिटणे, या दोन्ही गोष्टी निषिद्ध समजाव्यात. धूर दिसत नाही, एवढ्यावरून हवा शुद्ध आहे असे मानू नये.

ज्या घरात चूल व गॅस दोन्ही आहेत, तेथे आणखी एक धोका संभवतो. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो आणि नेमक्या त्याच पातळीवर चुलीचा निखारा त्याची वाट अडवून असतो. म्हणून दोहोंची योजना वेगवेगळ्या खोल्यांत करावी. ते शक्य नसेल, तर एक पेटविताना दुसऱ्याची पूर्ण बंदी असावी.

कपाशीच्या मुलखात भावाची वाट पाहत कापूस घरातच साठविण्याची वहिवाट आहे. अशा खोलीत चूल कदापि असू नये, आणि धुराडेही तिच्यातून नेऊ नये. निखाऱ्यावर रॉकेल ओतू नये, कारण त्याची वाफ एकदम भडकते. कोणी भाजलेच, तर त्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, शाई किंवा दंतमंजन लावू नये.

राखण्याची जबाबदारी

सुधारित चुली अडगळीत का गेल्या, याचे उत्तर ओडिशातील एका दीर्घ अभ्यासातून मिळते. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी धुराड्याच्या चुली बसविलेल्या घरांची चार वर्षे पाहणी केली. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्यांच्या श्वासातील धूर घटलेला आढळला. पुढे तो लाभ विरून गेला, कारण चुलींचा नियमित वापर व डागडुजी होत नव्हती. चूल तीच होती. भेगा आणि काजळी वाढत गेली होती.

काजळीचा हिशेब सोपा आहे. चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर, व्यासाच्या नळीत सर्व बाजूंनी एक सेंटिमीटर थर बसला, तर मोकळा व्यास आठ सेंटिमीटर उरतो आणि हवेच्या मार्गाचे क्षेत्रफळ एक तृतीयांशाहून अधिक घटते. हवा घटली, की धूर वाढतो. धूर वाढला, की काजळी आणखी जमते. शिवाय डांबर मिसळलेली काजळी स्वतःही पेट घेते, आणि धुराड्याच्या आतली ही आग छपरापर्यंत जाण्यास वेळ लागत नाही. महिन्यातून एकदा चूल थंड असताना, दोरीला वजन व काथ्याचा झुपका बांधून नळीतून वर-खाली ओढावा आणि तळाच्या दारातून काजळी काढून घ्यावी. सारवण करताना भेगा लिंपाव्यात. भेग डोळ्यांस दिसत नसेल, तर पेटत्या चुलीच्या सांध्यांवरून जळती उदबत्ती फिरवावी, आणि जेथे तिचा धूर आत खेचला जाईल तेथे भेग आहे असे निश्चित समजावे. राख वरून थंड भासली, तरी तिच्यात निखारा दिवसभर जिवंत राहू शकतो. ती झाकणाच्या लोखंडी भांड्यात काढून दुसऱ्या दिवशीच उकिरड्यावर टाकावी.

हे काम फार कौशल्याचे नाही, पण ते कोणाच्याच नावावर नसल्यामुळे राहून जाते. घराची शाकारणी आणि विहिरीचा गाळ काढणे यांचे हंगाम जसे ठरलेले असतात, तसा धुराड्याचाही ठरला पाहिजे. छपरावर चढण्याचे काम घरातील पुरुषांनी अंगावर घ्यावे, कारण चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीला ते बहुधा करता येत नाही. चुलींची पुढची कोणतीही योजना आखताना शासनाने पहिल्या दिवशीच्या बसवणीइतकाच खर्च दुसऱ्या-तिसऱ्या वर्षांच्या तपासणीसाठी राखून ठेवावा, आणि प्रत्येक गावात हे काम जाणणारा एक गवंडी तयार करावा. एवढा बंदोबस्त नसेल, तर नव्या चुलींची संख्या कागदावर कितीही वाढली, तरी घरातला धूर होता तेवढाच राहील.

---

थोडक्यात: वर्षभराचे वेळापत्रक

दररोज – राख झाकणाच्या भांड्यात काढणे. पेटविण्यापूर्वी धुराड्याचा तळ तापवून घेणे. सरपण थोडे थोडे सारणे. खिडकी उघडी ठेवणे.

आठवड्यातून एकदा – सारवण आणि भेगांची लिंपणी. जाळीची भोके मोकळी करणे.

महिन्यातून एकदा – धुराड्यातील काजळी काढणे. उदबत्तीने सांधे तपासणे.

मृगापूर्वी – टोपी व छपरातील सांधा यांची दुरुस्ती. जाड सरपण आडोशाला नेणे. उरलेल्या पऱ्हाट्या संपविणे.

दिवाळीनंतर – पावसात खराब झालेली चूल पुन्हा बांधणे. घरात कापूस येण्यापूर्वी त्याची खोली चुलीपासून अलग करणे.